एक लाख डॉलरची बातमी झाली, पण पोरं अडकतात ती दुसऱ्याच नियमात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नवीन एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीला जायच्या व्हिसाच्या, अर्जावर एक लाख डॉलर फी लावली तेव्हापासून आपल्या कोल्हापुरात हा विषय चहाच्या गाड्यावर पण निघतोय. निम्मे लोक म्हणतात बरं झालं, पोरं आता इथंच राहतील, आणि निम्मे म्हणतात संपलं सगळं, मुलाला इंजिनिअरिंगला घातलं ते पाण्यात गेलं. मला दोन्ही पटत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी बरीच वर्षं आयटीत काढली, आधी पुण्यात हिंजवडीला, मग कंपनीनं ऑनसाइट, म्हणजे क्लायंटच्या जागेवर, पाठवलं ते अमेरिकेत न्यू जर्सीला, आणि आता परत येऊन राजारामपुरीत छोटं ऑफिस चालवतोय. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

आधी त्या फीबद्दल. १९ सप्टेंबरला शुक्रवारी आदेश निघाला, आपल्याकडं शनिवार उजाडला आणि आईबापांचे फोनवर फोन सुरू झाले, आमच्या पोरानं आता काय करायचं, सुट्टीला आलंय ते लगेच परत पाठवू का. खरं म्हणजे ही रक्कम परदेशात असलेल्या माणसासाठी होणाऱ्या नवीन अर्जाला आहे, जे आधीच व्हिसावर आहेत त्यांना किंवा रिन्यूअलला नाही, पण हा खुलासा व्हाइट हाऊसनं दुसऱ्या दिवशी केला, तोपर्यंत कितीतरी जणांनी मिळेल त्या भावानं विमानाची तिकिटं काढली होती. त्यावेळच्या भावानं ८८ लाखाच्या आसपास रुपये होतात हे. एवढे पैसे भरून नवीन पोराला कुठली कंपनी नेणार, हे मान्य. पण माझं म्हणणं असंय की ही फी उद्या रद्द झाली तरी मूळ दुखणं तसंच राहणार, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

मूळ दुखणं हे की व्हिसा माणसाचा नसतोच, कंपनीचा असतो. वर्षाला ६५ हजार, वर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार, एवढीच नवीन संख्या असते म्हणून लॉटरी निघते, अर्ज कंपनीच करते, व्हिसा तीन वर्षं आणि वाढवून सहा. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस, तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं तुमच्यासाठी अर्ज केला तर ठीक नाहीतर बायकापोरांसकट गाशा गुंडाळायचा, मग घराचं लीज असो, गाडीचं लोन असो, पोराची शाळा अर्ध्यात असो. ग्रीन कार्डाचंही, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याचंही, तेच, रोजगारावर मिळणारी वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कुठल्याच एका देशाला साधारण सात टक्क्यांच्या वर नाही, आता एच-वन-बीमध्ये दहातले सात लोक भारतीय असताना ही रांग किती लांबणार ते तुम्हीच बघा. दुसरी कंपनी धरता येते, कायद्यात तशी सोय २००० सालापासून आहे, पण नव्या कंपनीनं ग्रीन कार्डाची कागदपत्रं बहुतेक वेळा पहिल्यापासून करायची, म्हणून माणूस पगार कमी असला, शनिवार-रविवार राबवून घेतलं तरी गप बसतो. आपल्याकडं मुकादमाची उचल घेतलेला ऊसतोड कामगार टोळी सोडून जाऊ शकत नाही, हे तसंच आहे, फरक एवढाच की तिकडं कोट-टाय असतो.

आता डिसेंबरचंच घ्या. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बीवाल्यांचं आणि त्यांच्या बायकापोरांचं सोशल मीडिया तपासायचं ठरलं आणि ठरलेल्या स्टॅम्पिंगच्या, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा लावून घ्यायच्या, अपॉइंटमेंट एकदम दोन-तीन महिने, काहींच्या त्याहूनही पुढं गेल्या. लग्नसराईला आलेली पोरं इथंच अडकली. तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग करायची वाट पण सप्टेंबरातच बंद झालेली. मग इथून काम करू द्यायचं की बिनपगारी रजा टाकायची हे ठरवणार कोण, तर कंपनीच.

आणि तिकडच्या लोकांचा राग का आहे हे पण आपण समजून घेतलं पाहिजे, सगळ्यांना वंशद्वेषी म्हणून मोकळं होऊन चालणार नाही. न्यू जर्सीत मी ज्या क्लायंटकडं होतो तिथं मला केटी, म्हणजे कामाची सगळी माहिती, ज्या बाईंनी दिली त्यांचीच नोकरी आमच्या टीममुळं जाणार होती. वीसेक वर्षं त्या सिस्टिमवर काढलेली बाई. शेवटपर्यंत नीट शिकवलं त्यांनी, का तर नीट केटी दिली नाही तर जाताना मिळणारे पैसे मिळणार नव्हते. २०१५ मध्ये ऑर्लँडोच्या डिस्नेमधल्या अडीचशे जणांना काढून त्यांच्याकडूनच बदली लोकांना शिकवून घेतल्याची बातमी आली तेव्हा अमेरिकेत केवढा गदारोळ झाला, पण ती एका कंपनीची गोष्ट नव्हती, हे आत असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणजे बघा, त्या बाईंना काढणं स्वस्त पडत होतं कारण माझा पगार कमी होता, आणि मी कमी पगारात गप होतो कारण व्हिसा कंपनीच्या हातात होता.

यातली एक गोष्ट तर पेपरात मी कधी वाचली नाही. ज्या कंपन्या एच-वन-बीवर जास्त अवलंबून आहेत त्यांना १९९८ च्या कायद्यानं अट घातली की अमेरिकन माणसाला काढून त्याच्या जागी व्हिसावाला बसवणार नाही असं लिहून द्या. पण सोबत पळवाट ठेवली, माणसाला वर्षाला ६० हजार डॉलर दिले की ही अट लागू नाही. तो ६० हजाराचा आकडा १९९८ पासून आजपर्यंत बदललेला नाही! एवढ्या वर्षांत महागाई कुठल्या कुठं गेली. हा आकडा वाढवला असता आणि व्हिसा माणसाच्या नावावर केला असता तर एक लाख डॉलरचा हा धुडगूस करायची वेळच आली नसती असं माझं स्पष्ट मत आहे. आता तिथं आऊटसोर्सिंगच्या, म्हणजे बाहेरच्या देशात काम करून घेण्याच्या, बिलावर २५ टक्के कर लावायचं विधेयक पण मांडलंय, सिनेटर मोरेनो यांनी, ते पास होईल न होईल, पण त्याची धास्ती इथल्या फ्रेशरच्या भरतीवर पडतेच. टीसीएसनं २०२५ मध्ये १२ हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं, ती पण भीती आहेच. 

आपल्या सरकारनं करण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. व्हिसावर काम करणाऱ्याच्या पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनला, कापले जातात, तेवढेच कंपनी भरते, आणि त्याची पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षं भरावी लागतात. व्हिसाची मुदत सहा वर्षं. म्हणजे जो सहा वर्षांत परत आला त्याचे पैसे गेले ते गेलेच, माझेही गेले. जर्मनी, जपान, फ्रान्स, नेदरलँड्स यांच्याशी हे पैसे असे बुडू नयेत म्हणून भारताचे करार आहेत, अमेरिकेशी नाही. व्यापार कराराच्या एवढ्या बैठका होतात तर त्यात हा मुद्दा धरून बसायला पाहिजे. आपल्या जिल्ह्यातल्या दोन्ही लोकसभा खासदारांनी हा प्रश्न संसदेत लेखी विचारावा ही विनंती मी त्यांनाही पाठवतोय, हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी सगळं कोल्हापूर एक झालं होतं, यासाठी निदान दोन पत्रं तरी जाऊ देत.

शेवटचं, आणि हे जरा ठळक छापा. अमेरिकेला पाठवतो म्हणून कन्सल्टन्सीवाले पोरांकडून लाखात पैसे घेतात, आणि माझ्या माहितीतल्या काही घरांनी ऊसबिलावर नाहीतर सोनं गहाण ठेवून ते भरलेत. फायलिंगची मुख्य फी कंपनीनंच भरायची असते, ती पोराकडून घेणं तिकडच्या कायद्यातच बसत नाही. प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बिनपगारी बसवणं पण बेकायदेशीर आहे, कंपनीनं पगार द्यावाच लागतो. पगार, कामाचं ठिकाण, पद हे सगळं ज्यात लिहिलेलं असतं त्या एलसीए नावाच्या कागदाची कॉपी मागायचा पोराला हक्क आहे, आणि फसवणूक झाली तर अमेरिकेच्या कामगार खात्याकडं १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते. ज्यांच्या हातात असं ऑफर लेटर किंवा करार आलाय त्यांनी सही करायच्या आधी माझ्याकडं घेऊन यावा, माझा नंबर आपल्या पेपरच्या ऑफिसात देऊन ठेवलाय, संध्याकाळी सहानंतर मी असतो, वाचून समजावून सांगीन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर