ती अनुदाने म्हणजे आरक्षण नव्हते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे एनएसएफने, विज्ञान आणि अभियांत्रिकीत मागे राहिलेल्या समूहांचा सहभाग वाढवण्यासाठी दिलेली अनुदाने मध्येच बंद केली. त्यावर आपल्या पत्रस्तंभात आलेल्या पत्रांचा सूर साधारण एकच दिसतो: अमेरिकेला उशिरा का होईना शहाणपण सुचले, आता तिथे फक्त गुणवत्ता चालेल. मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवतो. अशा एका अनुदानाचा हिशेब काही वर्षे माझ्याकडे होता. त्यामुळे राहवले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी झाले काय ते सांगतो. १८ एप्रिल २०२५ रोजी एनएसएफने आपले नवे प्राधान्यक्रम जाहीर केले आणि त्यात न बसणारी अनुदाने रद्द करायला सुरुवात केली. पाहता पाहता हा आकडा हजाराच्या वर गेला. सर्वाधिक फटका विज्ञानशिक्षणाच्या विभागाला बसला. संस्थेचे संचालक सेतुरामन पंचनाथन यांनी २४ एप्रिलला राजीनामा दिला. हे गृहस्थ मद्रासमध्ये शिकलेले, आणि त्यांची नेमणूक ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीतली.

आपल्या वाचकांनी या सगळ्याकडे आरक्षणाच्या चष्म्यातून पाहिले, हे मी समजू शकतो. पण इथे तो चष्मा चालत नाही. अमेरिकेत वंशावर आधारित राखीव जागा ॲलन बाकी यांच्या १९७८ च्या खटल्यापासून बेकायदा आहेत, आणि प्रवेश देताना वंश विचारात घेणेही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये थांबवले. ही अनुदाने कोणाला जागा देत नव्हती, गुण वाढवून देत नव्हती, पदवी तर नाहीच नाही. पैसा संस्थेला मिळे, तोही स्पर्धेतून. एनएसएफकडे येणाऱ्या अर्जांपैकी ढोबळमानाने चारातला एक मंजूर होतो. बाकीच्यांची महिन्यांची मेहनत कपाटात जाते.

मग हा पैसा जातो कुठे? आमच्या अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा होता उन्हाळी वर्गाचा. अमेरिकेत अभियांत्रिकीची गाडी अडते ती गणितातल्या कॅल्क्युलसपाशी. २०१५-१६ च्या सरकारी पाहणीत देशातल्या निम्म्याच माध्यमिक शाळांत कॅल्क्युलस शिकवले जात असल्याचे दिसले होते, आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो मुले जास्त असलेल्या शाळांत तर त्याहूनही कमी. म्हणजे पहिल्या सत्रात एकाच बाकावर दोन मुले बसतात. एकाने हा विषय शाळेत वर्षभर घोटलेला असतो, दुसऱ्याला ‘लिमिट’ म्हणजे काय तेच पहिल्यांदा कळत असते. दुसरा नापास झाला की सल्लागार प्रेमाने सांगतो, बाळा, अभियांत्रिकी तुझ्यासाठी नाही, दुसरा काहीतरी विषय बघ. आमचा वर्ग हे अंतर प्रवेशानंतर आणि सत्र सुरू व्हायच्या आधी भरून काढायचा. यात क्रांतिकारक असे काहीही नाही. रोज गणिते सोडवायची, चुकली की वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याबरोबर बसून परत सोडवायची.

दुसरा मोठा आकडा विद्यावेतनाचा. फुकटचे पैसे म्हणून यावरच जास्त टीका होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या वर्गातली एक मुलगी गोदामात रात्रपाळी करून सकाळी आठच्या तासाला यायची. हुशार होती, पण प्रयोगशाळेत कधी थांबायची नाही. दुपारी दोनला निघून जायची. तिला गोडी नाही असा आमच्या एका सहकाऱ्यांचा ठाम ग्रह झाला होता. विद्यावेतन मिळाले आणि तिने रात्रपाळी सोडली. त्याच सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेत मग ती संध्याकाळी दिवे बंद करायला शेवटची उरायची. वरिष्ठांची शिफारसपत्रे मिळतात ती अशा थांबण्यातूनच, आणि पुढे पीएच.डी.चे प्रवेश त्या पत्रांवर होतात. ज्याच्या घरून पैसे येतात तो थांबू शकतो. गुणवत्तेच्या गप्पांत हा मुद्दा कुठेच येत नाही.

आणि यातले सगळे काही वंशावर बेतलेले नव्हते. एनएसएफचा एपस्कोर हा कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे, तो संशोधनाच्या पैशात ज्यांच्या वाट्याला फार थोडे येते अशा राज्यांसाठी. पहिली पाच होती आर्कान्सा, मेन, मोन्टाना, साउथ कॅरोलायना आणि वेस्ट व्हर्जिनिया. यातल्या मेन, मोन्टाना आणि वेस्ट व्हर्जिनियात लोकवस्ती गोरी, ग्रामीण. एनएसएफच्या निधीतला अशा राज्यांचा वाटा २०२९ पर्यंत २० टक्क्यांवर न्यायचा असे २०२२ च्या, संगणकाच्या चिप आणि विज्ञानसंशोधनाला पैसा देणाऱ्या ‘चिप्स आणि विज्ञान’ कायद्यातच लिहिले आहे. अपंग विद्यार्थी, सैन्यातून परतलेले जवान, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले यांच्यासाठीही तरतुदी असतात.

त्यातल्या एका योजनेचा पैसा कुठून येतो हे आपल्या वाचकांना गमतीचे वाटेल. गरीब घरच्या हुशार मुलांना विज्ञान-अभियांत्रिकीसाठी शिष्यवृत्ती देणारी एस-स्टेम नावाची एनएसएफची योजना आहे. ती चालते एच-वन-बी व्हिसाच्या शुल्कावर! १९९८ च्या कायद्याने कंपन्यांवर एक जादा शुल्क बसवले. आज ते प्रत्येक अर्जामागे १५०० डॉलर आहे, २५ किंवा त्याहून कमी कर्मचारी असतील तर ७५०. त्यातले ३० टक्के या शिष्यवृत्तीला जातात आणि आणखी १० टक्के शालेय विज्ञानाच्या कार्यक्रमांना. म्हणजे आपला एखादा भाचा किंवा पुतण्या एच-वन-बीवर गेला, तेव्हा त्याच्या कंपनीने भरलेल्या पैशातले ४५० डॉलर अमेरिकेतल्या कुणा गरीब मुलाच्या फीसाठी लागले. परदेशी अभियंते आणता तर आणा, पण घरचेही घडवा, असा साधा व्यवहार त्यामागे होता. आपल्या मुलांना अमेरिकेची दारे उघडी राहण्याचे श्रेय गुणवत्तेला देताना हा व्यवहारही माहीत असलेला बरा.

आता गुणवत्तेकडेच वळू. अनुदान कुणाला द्यायचे हे तज्ज्ञ ठरवतात आणि तज्ज्ञ फक्त काम बघतात, असा आपल्या पत्रलेखकांचा भाबडा विश्वास दिसतो. स्वीडनमध्ये क्रिस्टीन वेनेरास आणि ॲग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांना तो तपासून पाहावासा वाटला. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने परीक्षकांचे गुण दाखवायला नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि कागद बाहेर आले. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: पुरुषाइतकेच गुण मिळवायला स्त्रीला त्याच्या अडीच पट काम दाखवावे लागत होते. शिवाय परीक्षकाशी लागेबांधे असले तर गुण वाढत होते. म्हणजे शुद्ध वशिला. आणि तोही स्वीडनमध्ये, जिथे स्त्री-पुरुष समानतेची शपथ लहानथोर सगळेच घेतात!

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. कॅनडाचा अनुभव ताजा आहे. तिथल्या आरोग्य संशोधन संस्थेने अनुदानाचे दोन प्रकार केले. एकात परीक्षकांनी मुख्यतः प्रकल्प बघायचा, दुसऱ्यात मुख्यतः संशोधक. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार प्रकल्पाला गुण देताना स्त्रियांच्या यशाचे प्रमाण पुरुषांपेक्षा जेमतेम ०.९ टक्के-बिंदूंनी कमी होते. माणसाला गुण द्यायची वेळ आली, तेव्हा तेच अंतर ४ बिंदूंवर गेले. देश तोच, संस्था तीच, फक्त विचारलेला प्रश्न बदलला. अमेरिकेत २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात शिक्षण, प्रशिक्षण, आधीचे शोधनिबंध हे सगळे हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे मुख्य अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के-बिंदूंनी कमी निघाली. तेव्हा आता ‘फक्त गुणवत्ता’ येणार म्हणजे नेमका कोणता तराजू येणार, ते आधी कोणीतरी सांगावे.

या कार्यक्रमांतून निघते काय, असाही प्रश्न एका पत्रात होता. मेरीलँड राज्यातल्या एका विद्यापीठात १९८८ साली मायरहॉफ या दानशूर दांपत्याच्या देणगीतून एक शिष्यवृत्ती कार्यक्रम सुरू झाला, पुढे त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झालेल्या फ्रीमन ह्राबोव्स्की यांच्या पुढाकाराने. सुरुवातीला तो फक्त कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी होता, पुढे मुलींना आणि १९९६ पासून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुला झाला. या कार्यक्रमातून पुढे आलेल्या किझमेकिया कॉर्बेट यांनी मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनात मोठा वाटा उचलला. दार सगळ्यांना उघडले तरी कार्यक्रम बिघडला नाही, हे मला त्यात जास्त महत्त्वाचे वाटते. पेन स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांनी तोच साचा उचलला, आणि तिथेही तो चालला.

या अनुदानांचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. १९९७ पासून एनएसएफच्या प्रत्येक अर्जात समाजाला होणाऱ्या उपयोगाबद्दल लिहावे लागते. तो मजकूर पुष्कळांनी केवळ उरकण्याचा विधी करून टाकला होता. ‘आम्ही शाळांना भेटी देऊ’ हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचले आहे की त्या सगळ्या भेटी खरोखर झाल्या असत्या तर शाळांना शिकवायला वेळ उरला नसता. अर्ज लिहून देणारे स्वतंत्र कार्यालय असते ते मोठ्या विद्यापीठांकडे. लहान कॉलेजांत मागास भागातली मुले जास्त, पण तिथला प्राध्यापक रात्री घरी बसून अर्ज भरतो आणि हरतो. आणि अनुदान पाच वर्षांनी संपले की बहुतेक विद्यापीठे तो कार्यक्रम स्वतःच्या पैशातून पुढे चालवत नाहीत. इमारतीला पैसा असतो, शिकवणीला नसतो. यावर कडक टीका करणारे पत्र कोणी लिहिले तर मी खाली सही करेन.

पण हे दोष दुरुस्त करण्यासाठी चालू अनुदान मध्येच तोडावे लागत नाही. आमच्याकडे जी ईमेल आली तिच्यात कामाच्या दर्जाबद्दल चकार शब्द नव्हता. फक्त हे काम आता संस्थेच्या प्राधान्यात बसत नाही, इतकेच. त्या तारखेनंतरचा खर्च मिळणार नव्हता. उन्हाळी वर्गाची पत्रे मुलांना तोवर गेलेली होती, काहींनी त्या भरवशावर नोकऱ्या सोडल्या होत्या. चार वर्षे गोळा केलेली माहिती पाचव्या वर्षी तपासायची होती, म्हणजे कार्यक्रम खरेच उपयोगी पडतो का हे कळणार होते. तेवढेच राहिले. काटकसरच करायची होती तर चार वर्षांचा खर्च झाल्यावर उत्तर न घेता निघून जाणे ही कुठली काटकसर?

कायद्याची गाठ अजून सुटलेली नाही. विज्ञान-अभियांत्रिकीत स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना समान संधी मिळावी यासाठीचा १९८० चा कायदा रद्द झालेला नाही. तो एनएसएफलाच बांधील धरतो. सोळा राज्यांनी मे २०२५ मध्ये दावा लावला. जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका संघीय न्यायाधीशांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांची थांबवलेली अनुदाने पुन्हा चालू करण्याचा आदेश दिला. आपल्याकडे अनुदाने रद्द झाल्याची बातमी पहिल्या पानावर आली. न्यायालयात पुढे काय झाले ते मात्र मला आपल्या अंकात शोधूनही सापडले नाही.

म्हणून आपल्याला विनंती इतकीच, की या प्रकरणाचा पाठपुरावा करावा. आणि पुढच्या वेळी एच-वन-बी शुल्काची बातमी छापाल तेव्हा तो पैसा कुठे जातो, याचीही एक ओळ घालावी.

आपला,
एक वाचक, अमेरिका