तू ‘नेड’ म्हणालास त्यावरून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

दारातून निघताना तू म्हणालास, "बाबा, तुम्ही नेड आहात." म्हणून नेड ज्यात आहे तो ‘फायरवॉच’ हा व्हिडिओ गेम परवा पुन्हा खेळलो, पहिल्यापासून. साडेचार तास लागले. फोनचा विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलोय.

सुरुवातीचा नुसता मजकूर आजही सगळ्यात धारदार वाटतो. कुत्रा कुठला घ्यायचा इथपासून स्मृतिभ्रंश झालेल्या बायकोचं, ज्युलियाचं काय करायचं इथपर्यंत निवडत जायचं, आणि मग आपण ज्याच्या जागी खेळतो तो हेन्री 1989 च्या उन्हाळ्यात वायोमिंगच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवायला पळतो. पुढे पाळत, तारेचं कुंपण, चोरून ऐकलेली बोलणी यांनी फुगा एवढा फुगवलाय की उत्तर कळल्यावर ‘एवढंच?’ होतं. तुझी तक्रार मात्र मला पटत नाही. काहीही निवडलं तरी डिलायला, दुसऱ्या मनोऱ्यावरून वॉकी-टॉकीवर हेन्रीशी बोलणारी त्याची वरिष्ठ, शेवटी निघून जाते, हे खरं. पण तिथे निवड बोलण्यात आहे, निकालात नाही. शिफ्ट दाबून धरायची, माउसच्या चाकाने वाक्य निवडायचं, बटण सोडलं की बोललं गेलं. वेळेची पट्टी संपली तर गप्प राहणं हेच उत्तर धरलं जातं, आणि ती ते मनाला लावून घेते.

तीन आठवडे तू तेच करतोयस. बघ, आलंच. सोड.

पुन्हा खेळशील तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नकाशावरची आपली जागा दाखवणं बंद कर. मग नकाशा आणि होकायंत्र खरोखर हातात घ्यावं लागतं, वाटा चुकतात, जंगल मोठं होतं. जंगलात ठेवलेल्या पिवळ्या पेट्यांचं कुलूप 1234. उघडलीस की आतल्या नकाशावरच्या खुणा हेन्री आपल्या नकाशावर उतरवून घेतो, तेवढ्यावर पळू नकोस, डेव्ह आणि रॉनने एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठ्याही वाच. तू नेहमी धावतोस. नेडच्या मुलाच्या, ब्रायनच्या लपायच्या जागेत तर नीट थांब. तिथे घाईने फिरलं की पुढे गुहेत जे सापडतं त्याचं ओझं निम्मं होतं.

त्या पोराला कड्यावर चढायची भीती वाटते, म्हणून त्याने चढाईचं सामान बापापासून तिथे दडवून ठेवलंय. बाप तरी त्याला नेतो. पोरगा पडून मरतो. मग बाप वर्षानुवर्षं जंगलात लपून राहतो, कुणाशी बोलत नाही. ढकलणारा नेड मी, हे कबूल. पण न बोलणारा नेड कोण, ते तूच सांग. भाषण झालं, माफ कर.

पोहण्याचा तुझा निळा चष्मा कपाटामागे सापडला होता, आठवतं? पडला असेल म्हणून मी काढून पुसून पुन्हा तुझ्या पिशवीत टाकला. दोनदा.

आई विचारत होती, जेवतोस ना वेळेवर. एक शब्द टाइप केलास तरी चालेल.

— बाबा