एका टॅलेंटची किंमत: वीस वर्षांची मजुरी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

परीक्षा संपल्या की आपल्याकडे टॅलेंट या शब्दाचा सीझन सुरू होतो. टॅलेंट हंट, टॅलेंट सर्च, टॅलेंट बॅच, चौकाचौकात बॅनर लागतात, टीव्हीवर तेच, आणि घरात पाहुण्यांसमोर, मुलं शेजारीच बसलेली असताना, "मोठीत टॅलेंट आहे हो, धाकट्याचं काही खरं नाही" असं सहज बोललं जातं. मी आयुष्यभर हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि या एका शब्दाने किती मुलं गप्प होतात ते जवळून बघितलंय म्हणून हे पत्र लिहितेय. हा शब्द मुळात कुठून आला हे पालकांना आणि शिक्षकांना कळलं तर तो ते इतक्या सैल हाताने वापरणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

टॅलेंट हे आधी वजन होतं. ग्रीक भाषेत तालान्तोन म्हणजे तराजू, आणि मग त्या तराजूत तोलायचं मोठं माप. ग्रीक कवी होमरच्या इलियड या महाकाव्यात देवांचा राजा झ्यूस सोन्याचा तराजू हातात धरून दोन योद्ध्यांचं मरण तोलतो, तिथे तराजूसाठी हाच शब्द आहे. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हा शब्द आपल्याला परका नाहीच, भाषेचे अभ्यासक ज्या मूळ धातूपासून हा ग्रीक शब्द आला असं सांगतात त्याच धातूपासून संस्कृतमधला तुला आला, म्हणजे आपलं तोलणं, तुलना, समतोल आणि सराफाकडचा तोळा हे सगळे टॅलेंटचे चुलतभाऊ लागतात.

पुढे अथेन्समध्ये एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. एका टॅलेंटचे ६० मिना, एका मिनाचे १०० द्राख्मा, म्हणजे सगळे मिळून ६००० द्राख्मा. हे किती मोठं होतं ते नुसत्या आकड्याने कळत नाही. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीतल्या एगेस्ताच्या लोकांनी अथेन्सकडे लढाईसाठी मदत मागितली तेव्हा ६० जहाजांचा एका महिन्याचा पगार म्हणून ६० टॅलेंट चांदी सोबत आणली होती, एका जहाजावर दोनशेच्या आसपास माणसं, म्हणजे माणशी दिवसाला एक द्राख्मा, आणि एक टॅलेंट म्हणजे अख्ख्या युद्धनौकेचा महिन्याचा पगार! एकट्या माणसाने खिशात घालून फिरायची ही रक्कमच नाही.

मग ही चांदीची रास माणसाच्या अंगचा गुण कशी झाली? त्याचं उत्तर बायबलमध्ये आहे, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात. एक मालक परदेशी जायला निघतो, आपल्या तीन नोकरांना बोलावतो, एकाला पाच टॅलेंट देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पाचवाला व्यवहार करून पाचाचे दहा करतो, दोनवाला दोनाचे चार, आणि एकवाला घाबरतो आणि जमिनीत खड्डा खणून तो पैसा पुरून ठेवतो. मालक परत आल्यावर पहिल्या दोघांना शाबासकी देतो, अगदी सारख्याच शब्दांत देतो हे लक्षात घ्या, चारवाल्याचं कौतुक दहावाल्यापेक्षा जराही कमी नाही. रागावतो तो फक्त पुरून ठेवणाऱ्यावर.

या गोष्टीत दोन जागा अशा आहेत की ज्या वर्गात वाचून दाखवल्या पाहिजेत असं मला नेहमी वाटायचं. पहिली म्हणजे मालकाने ते टॅलेंट वाटले "ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे". म्हणजे मूळ गोष्टीत कुवत वेगळी आहे आणि टॅलेंट वेगळं आहे! कुवत माणसात आधीपासून आहे, टॅलेंट हे वरून दिलेलं भांडवल आहे, विश्वासाने हातात ठेवलेलं, ज्याचा हिशोब द्यायचाय. आपण आज नेमकं कुवतीलाच टॅलेंट म्हणतो आणि हिशोबाचा भाग सोडून देतो. दुसरी जागा रकमेची. त्याच मत्तयच्या २० व्या अध्यायात मळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दिनार मिळतो, आणि त्या काळी टॅलेंट साधारण ६००० दिनारांचं धरत, म्हणजे वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं तर वीस वर्षांची मजुरी झाली. सगळ्यात कमी ज्याला मिळालं त्याला वीस वर्षांची मजुरी मिळाली होती. त्या गोष्टीत रिकाम्या हाताचा माणूसच नाही. मग आपण कुठल्या आधारावर अकरा वर्षांच्या पोराला सांगतो की तुझ्यात टॅलेंट नाही?

सहाव्या शतकाच्या शेवटी रोमचे पोप झालेले पहिले ग्रेगरी यांनी या गोष्टीवर एक प्रवचन केलं होतं, ते मला फार मोलाचं वाटतं. सुरुवातीला ते पाच टॅलेंट म्हणजे पंचेंद्रियं वगैरे अर्थ लावतात, ते ठीकच, पण शेवटाकडे ते अगदी साध्या माणसांवर येतात. कुणाला विद्या मिळाली असेल तर ते टॅलेंट, कुणाकडे धनदौलत असेल तर ते टॅलेंट, पण या दोन्हीतलं काहीच नसलेला एखादा पोटापुरता धंदा शिकलेला असेल तर तो धंदाच त्याचं टॅलेंट धरला जाईल. आणि ज्याला हेही नाही पण एखाद्या श्रीमंत माणसाशी ओळख आहे, तर ती ओळखसुद्धा टॅलेंट, आणि गरिबासाठी त्याने तिथे शब्द टाकला नाही तर त्याने आपलं टॅलेंट पुरलं असं समजावं. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे, यात सुताराचं कसब बसतं, शिवणकाम बसतं, आणि दुसऱ्यासाठी चार शब्द बोलणंही बसतं. आपल्या आजच्या टॅलेंटमध्ये काय बसतं, तर गणित, इंग्रजी, डान्स आणि गाणं, संपलं.

मधल्या काळात या शब्दाला आणखी एक अर्थ होता तो आता इंग्रजीत जवळपास विसरला गेलाय. जुन्या फ्रेंचमध्ये आणि साधारण १३०० च्या सुमाराच्या इंग्रजीत टॅलेंट म्हणजे इच्छा, ओढ, मनाचा कल. तराजूचं पारडं एका बाजूला झुकतं तसं मन झुकतं, म्हणून. गंमत बघा, आपण मराठीतही कल हाच शब्द वापरतो, आणि आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी व्हायची. त्या चाचणीच्या पद्धतीबद्दल मतभेद असू शकतात, पण मुलाचं मन कुठे झुकतंय हे विचारणं हा प्रश्न मला टॅलेंट आहे की नाही यापेक्षा कितीतरी चांगला वाटतो, कारण मन कुठेच झुकत नाही असं मूल मी तरी बघितलेलं नाही, कुणाचं किड्यांकडे, कुणाचं ट्रॅक्टरच्या इंजिनकडे, कुणाचं नुसतं शेजारच्या आजीच्या गोष्टींकडे, पण झुकतंच.

अंगची विशेष बुद्धी किंवा कला हा आजचा अर्थ इंग्रजीत पक्का व्हायला पंधरावं शतक लागलं. टॅलेंटेड हे विशेषण तर त्याहून खूप उशिरा चलनात आलं, आणि १८३२ मध्ये कवी कोलरिजने त्यावर चांगलाच राग काढला होता. त्याचं म्हणणं असं की टॅलेंट हे नाण्यासारखं नाम आहे, त्याचं टॅलेंटेड करायचं तर मग शिलिंग आणि फार्दिंग या इंग्रजी नाण्यांचं शिलिंगेड आणि फार्दिंगेड का नको? व्याकरणाची तक्रार होती ती, आणि लोकांनी ती ऐकली नाही. पण त्या विशेषणाने एक मोठा बदल केला असं मला वाटतं. टॅलेंट असणं आणि टॅलेंटेड असणं यात फरक आहे. पहिल्यात काहीतरी हातात आहे, त्याचं पुढे काय केलं हे विचारता येतं. दुसऱ्यात तो माणसाचा प्रकारच झाला, एका रांगेत टॅलेंटेड मुलं आणि दुसऱ्या रांगेत उरलेली. पुढे कंपन्यांनी माणसांनाच टॅलेंट म्हणायला सुरुवात केली, १९९७ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतून वॉर फॉर टॅलेंट हा शब्दप्रयोग निघाला आणि आता भरती खात्याचं नावसुद्धा टॅलेंट अॅक्विझिशन असतं.

आपल्याकडे हा शब्द शाळेत घट्ट बसवला तो परीक्षांनी. एनसीईआरटी या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थेची टॅलेंट सर्च ही शिष्यवृत्तीची योजना १९६३ ला दिल्लीत सुरू झाली, पुढच्या वर्षी देशभर गेली, आधी फक्त विज्ञानासाठी होती, १९७६ नंतर बाकी विषयही आले, आणि मराठीत तिला प्रज्ञाशोध परीक्षा म्हणायचो. ती चांगली योजना होती, खेड्यातल्या कितीतरी हुशार मुलांना तिने शिष्यवृत्ती दिली, आणि २०२१ पासून ती थांबलीय याचं मला वाईट वाटतं. माझा राग परीक्षेवर नाही. शोध घेणं वेगळं आणि जो सापडला नाही त्याच्याकडे काहीच नाही असं ठरवणं वेगळं.

आता मूळ तक्रार. आमच्या भागातल्या एका शाळेत सहावीपासूनच मुलांच्या दोन तुकड्या करतात, एक टॅलेंट बॅच आणि दुसरी रेग्युलर. टॅलेंट बॅचला जादा तास, अनुभवी शिक्षक, प्रयोगशाळा आठवड्यातून दोनदा. रेग्युलरला जे उरेल ते. म्हणजे ज्यांच्या हातात आधीच पाच आहेत त्यांना अजून द्यायचे आणि एकवाल्याला खड्डा आपणच खणून द्यायचा. त्या दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, मी रेग्युलरची आहे, मला हळू शिकवा." ती अजिबात हळू नाहीये. एकदा समजलं की तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही, पण हात वर करायला ती घाबरते.

आपल्या मराठीत या बाबतीत जास्त न्यायाचे शब्द आहेत. गळा तयार आहे म्हणतो, हात बसलाय म्हणतो, कसलेला पैलवान म्हणतो, या सगळ्यात मेहनत आधी दिसते. कसब हा शब्द तर अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थच कमावणं असा आहे. उपजत, देणगी हे शब्दही आपल्याकडे आहेत, ते चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, काही मुलांना काही गोष्टी खरंच लवकर येतात. पण बाकीच्यांसाठी तयार होणं हे क्रियापद आपण जिवंत ठेवलं पाहिजे.

माझी आपल्याला विनंती अशी की निकालाच्या दिवसांत टॅलेंटेड विद्यार्थ्यांचे फोटो छापता तसंच, आपल्या शालेय पुरवणीत, सहावी-सातवीतच तुकड्या पाडण्याच्या या पद्धतीवर पालकांची आणि शिक्षकांची पत्रं मागवावीत, कोणत्या शाळांत हे चालतं, दुसऱ्या तुकडीला किती तास आणि कोणते शिक्षक मिळतात हे त्यातून बाहेर येईल. शिक्षणाधिकाऱ्यांनाही त्यावर विचारावं. आणि शाळांना निदान एवढं तरी सांगावं की बॅचला नाव द्यायचंच असेल तर झाडांची द्या, नद्यांची द्या, टॅलेंट हे नाव देऊ नका.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, जि. सातारा