रविवारचा सिनेमा: यावं की नाही?

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी आपण वाँग कार-वाय यांचा 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) दाखवत आहोत. "प्रेमकथा, त्यातही संथ; बघण्यासारखा आहे का?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझं उत्तर: जरूर या.

गोष्ट १९६२ च्या हाँगकाँगमधली. शेजारी-शेजारी राहायला आलेल्या दोघांच्या लक्षात येतं, की आपापल्या जोडीदारांचंच एकमेकांशी सूत जुळलंय. त्या जोडीदारांचे चेहरे दिग्दर्शक आपल्याला दाखवतच नाही. आवाज येतो, पाठ दिसते, तेवढंच. त्यामुळे सगळा भार टोनी लिउंग आणि मॅगी चुंग यांच्यावर येतो, आणि काय पेललाय त्यांनी तो! लिउंग यांना या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मॅगीच्या बदलत्या पोशाखांकडे नीट लक्ष द्या. मध्ये दिवस गेलेत, हे बऱ्याचदा त्यावरूनच कळतं. अरुंद जिने आणि दाटीवाटीच्या खोल्यांमुळे न बोललेलंसुद्धा ऐकू येतं.

झटपट घडामोडी किंवा मोठमोठे संवाद हवे असतील, तर मात्र निराशा होईल. हे आधीच सांगितलेलं बरं.

लांबी जेमतेम ९८ मिनिटं. सुरुवात चुकवू नका, नाहीतर कोण कुणाचं हे उमगायला वेळ लागेल. मोबाईल बंद ठेवा. आधी पाहिलेल्यांनी ग्रुपवर शेवट सांगू नये, आडून आडूनसुद्धा नाही. येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत नाव कळवावं.