साताऱ्याचा दत्तक आणि तहातील कलमे

संपादक महोदय,

सातारचे राज्य केवळ दत्तक नामंजूर झाल्याने गेले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धसत्य आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि इंग्रज यांच्यातील २५ सप्टेंबर १८१९ च्या तहातच फौज वाढवायची किंवा घटवायची तर इंग्रजांची संमती लागेल, परराज्यांशी पत्रव्यवहार रेसिडेंटमार्फतच (दरबारातील इंग्रज प्रतिनिधीमार्फतच) होईल, असे ठरले होते. एप्रिल १८२२ पर्यंत तर महसूल आणि खर्चाचा कारभार महाराजांच्या नावाने इंग्रज अधिकारी ग्रँट डफच पाहत होता! औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोटच्या जहागिरींना हमी इंग्रजांची. म्हणजे महाराजांचे मांडलिकही पुरते महाराजांचे नव्हते.

१८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले. गादीवर बसवलेले बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले, त्याच्या काही तास आधी त्यांनी दत्तक घेतला. तहात ‘वारस व उत्तराधिकारी’ असे शब्द होते. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक वारसच, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने इंग्रजांच्या संमतीशिवाय घेतलेल्या दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य नाही, असा अर्थ काढला. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क दत्तकाच्या बाजूने होते, तरी उपयोग झाला नाही.

— एक वाचक, सातारा