माउथपीस बदलावा का?

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला आणि तू ट्यूबाचे, त्या खर्जातल्या मोठ्या पितळी वाद्याचे, दोन माउथपीस (ओठांना लावून फुंकायचा भाग) समोर घेऊन बसली आहेस, एक तुझा आणि एक मैत्रिणीचा. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मधेच "हो बाबा, हो बाबा" करून सुटली असतीस, म्हणून लिहितोय.

तुझ्या नेहमीच्या हेलेबर्ग माउथपीसचा कप, म्हणजे आतली वाटी, खोल आहे, नरसाळ्यासारखी आत निमुळती होत जाणारी. अमेरिकन बँडमास्तर सूसाच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवणाऱ्या ऑगस्ट हेलेबर्ग यांच्या नावाचा तो साचा आजही चालतो, कारण त्याचा खर्ज भरदार आणि गडद असतो. ऑर्केस्ट्रात खालच्या सुराच्या सी ट्यूबावर अख्ख्या ब्रासला, म्हणजे पितळी वाद्यांना, खालून आधार द्यायचा असेल तेव्हा तोच ठेव, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

तू कार्यक्रमात वाजवणार आहेस त्या, इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्सच्या ट्यूबा कॉन्सर्टोचं (एक मुख्य वाद्य आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशी रचना) मात्र वेगळं आहे. १९५४ मध्ये लंडनला फिलिप कॅटलिनेट यांनी तो पहिल्यांदा वाजवला. त्यात ट्यूबा साथीला नाही, स्वतः गायला बसलाय. मधला संथ भाग, रोमांझा, तर सगळा गळ्यातून आल्यासारखा यायला हवा. तिथे लहान, वरच्या सुराच्या एफ ट्यूबावर मैत्रिणीचा तो दुसरा, कमी खोल कपाचा माउथपीस तुला मदत करेल: वरचे स्वर पटकन जागेवर बसतील, शेवटच्या भागात, रोंडोत, टंगिंग (जिभेने स्वर तोडणं) स्वच्छ ऐकू येईल. पण खाली उतरलीस की आवाज पातळ झालेला लगेच कळेल. पहिल्या भागाच्या शेवटी एकटीनेच वाजवायचा जो कॅडेन्झा आहे, तो दोन्हींवर वाजवून बघ. माझ्या मते निकाल तिथेच लागेल.

कपाच्याही आधी रिम, म्हणजे ओठ टेकतात ती कड, बघ. आतला व्यास ३२ मिमी आणि ३३ मिमी, कागदावर हा फरक काहीच वाटत नाही, ओठांना मात्र तो परका वाटतो. रिम सारखी आणि कप वेगळा असेल तर तीन आठवडे पुरतात. रिमच वेगळी असेल तर या खेपेला नाद सोड, सुट्टीत सवय कर.

शँक, म्हणजे माउथपीसचा वाद्यात बसणारा दांडा, तोही तपास. तुझा एफ ट्यूबा जर्मन आहे, त्याला बहुधा जाड युरोपियन शँक लागेल. मैत्रिणीचा अमेरिकन शँकचा असेल तर तो जास्त आत जाईल आणि सूर इकडेतिकडे पळतील. दोष मग उगाच कपाच्या माथी. शँकला कागदाची पातळ पट्टी गुंडाळून थोडा बाहेर ठेवून बघ, फरक कळेल. कार्यक्रमात मात्र कागद नको!

आमच्या बँडमध्ये हा प्रश्नच नव्हता. स्टोअरमधून जो हातात पडला तो आपला. जानेवारीत दिल्लीला, विजय चौकात बीटिंग रिट्रीटच्या तालमीला, तो थंडगार लोखंडासारखा ओठाला लागायचा आणि बँड गरम होईपर्यंत सूर खाली असायचा. म्हणून सगळेजण माउथपीस कोटाच्या खिशात ठेवायचो. तुमचा हॉल उबदार असेल, तरी विंगेत थांबताना तो मुठीत धरून ठेव.

आणखी एक. ट्यूबाची बेल, म्हणजे आवाज बाहेर टाकणारा कर्णा, वर तोंड करून असते. तुझ्या कानाशी जे येतं ते शेवटच्या रांगेत पोचतंच असं नाही. वाजवताना "हा मोकळा वाटतो" असं जे वाटतं, ते बरेचदा फक्त वाजवणाऱ्यालाच वाटत असतं. तालमीला थकल्यावर, म्हणजे तिन्ही भाग वाजवून झाल्यावर, रोमांझाची सुरुवात आणि कॅडेन्झा दोन्ही माउथपीसवर वाजव. फोन पाठीमागच्या खुर्चीवर ठेवून रेकॉर्ड कर. फाइलींना 'अ' आणि 'ब' एवढंच नाव दे आणि मला पाठव. कोणता कुठला ते सांगू नकोस. तुझ्या सरांनाही तशाच ऐकव. आई म्हणतेय तीही ऐकणार आहे, आणि तिचा कान माझ्यापेक्षा निर्दय आहे हे तुला माहीतच आहे.

तुझे
बाबा