फवारणीचे कपडे धुणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फवारणीच्या वेळी घ्यायच्या काळजीवर कालच्या अंकात अर्धं पान वाचलं. मास्क लावा, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करू नका, मध्येच तंबाखू मळू नका. सल्ला बरोबर आहे, पण सगळा पंप पाठीवर घेणाऱ्याला. त्यात बाई एकदाही आलेली नाही, मग गरोदर बाई कुठून येणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली. तेव्हापासून दर खरिपात असा मजकूर छापून येतो आणि दर वेळी ती त्यातून सुटते. याचा मनापासून राग येतो.

वाढलेल्या कपाशीला एकरी दहा-बारा पंप लागतात, म्हणजे दीडशे लिटरच्या वर पाणी. ते बांधापर्यंत बहुतेक बाईच वाहते. ड्रममध्ये औषध ओतून काडीनं ढवळते तीही, आणि सगळ्यांत घातक काम तेच, कारण तिथं पाणी न मिसळलेलं द्रावण हातावर उडतं. संध्याकाळी नवऱ्याचा सदरा धुण्याच्या दगडावर येतो. पंप गळका असला की सदऱ्याची पाठ तेलकट लागते आणि दोनदा साबण लावूनही वास जात नाही. तो तेलकटपणा ‘ईसी’ म्हणजे पाण्यात मिसळायच्या तेलकट औषधातल्या विद्रावकाचा (विष ज्यात विरघळवलेलं असतं त्या द्रवाचा), आणि विष कातडीतून आत शिरायला मदत करतो तोही हाच. ती हे उघड्या हातांनी चोळते, त्याच बादलीत लेकराचे कपडेही भिजत असतात.

छापायला हवं होतं ते हे. फवारणीचे कपडे वेगळे ठेवून त्याच दिवशी धुवावेत. आधी काठीनं बुचकळून ते पाणी विहीर-नाल्यापासून लांब ओतावं. मग गरम पाणी, नेहमीपेक्षा जास्त पावडर, दोन वेळा धुणं आणि कडक ऊन. हातमोजे रबरी हवेत. कापडी मोजे विष शोषून हाताशी धरून ठेवतात. मूळ द्रावण सांडलेला कपडा धुऊच नये, टाकून द्यावा. घरात कोणी गरोदर असेल तर हे धुणं फवारणाऱ्यानंच करावं. फवारलेल्या शेतात तिला निंदायला निदान दोन दिवस पाठवू नये.

प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशक विषं वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातात, आणि ती निकामी करणारं विकर (एन्झाइम) बाळाच्या अंगात फार कमी असतं. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर स्त्रियांची लघवी तपासून त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांच्या लघवीत या विषांचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला.

दवाखान्यातही घोळ होतो. मळमळ, उलटी, गरगरणं म्हणजे ‘दिवस गेलेत, व्हायचंच’ असं म्हणून बाईला घरी पाठवतात. पण गरोदरपणाच्या मळमळीत विषबाधेसारख्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत नाहीत, दरदरून घाम सुटत नाही, स्नायू फडफडत नाहीत. तोंडाला पाणी सुटतं ते कधी कधी गरोदरपणातही, म्हणून एकट्या लाळेवर जाऊ नये. रक्तातलं कोलिनेस्टरेज (ही विषं ज्याला निकामी करतात ते विकर) तपासलं तरी प्लाझ्मातला, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवातला आकडा गरोदरपणात मुळातच उतरलेला असतो. तांबड्या पेशींतला पाहावा. विषबाधा दिसली की गरोदर आहे म्हणून अॅट्रोपिन हा उतारा रोखायचा नसतो. डब्यावरचं लेबल सोबत न्यावं. आशाताईंनी गरोदर बाईचं नाव नोंदवतानाच ‘घरात फवारणी कोण करतं आणि कपडे कोण धुतं’ एवढं विचारलं तरी पुष्कळ होईल.

आणखी एक. त्या अर्ध्या पानात कीटकनाशकाला सगळीकडे ‘औषध’ म्हटलं आहे. गावात तोच शब्द चालतो, वर मीही तोच वापरला, इतका तो तोंडात बसलाय. पण औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून ठेवताना कुणाचा हात अडखळेल? वर्तमानपत्रानं तरी ‘विष’ लिहावं.

आपली,
एक वाचक, जि. यवतमाळ